अनोळखी वाचक, टोपणनाव आणि संशोधकाची मर्यादा

१

मराठी विभागांमधून आत्मपर लेखनाचा अभ्यास गेली कित्येक वर्षे गांभीर्याने होत आला आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून), दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरची दलित व भटक्या-विमुक्तांची स्वकथने यांवर प्रबंध झाले, चर्चासत्रे झाली, अभ्यासक्रमांत त्यांना स्थान मिळाले. हे सारे आवश्यकच होते. तथापि या अभ्यासाने एक गोष्ट न बोलता गृहीत धरली. आत्मपर लेखन म्हणजे पुस्तक, हे ते गृहीत होय. जे पुस्तक झाले नाही, वाचकांच्या पत्रव्यवहारात किंवा प्रश्नोत्तरांच्या सदरांत राहून गेले, त्याच्याकडे वाङ्मयाचा अभ्यासक फारसा वळला नाही.

या दुर्लक्षाची व्याप्ती गेल्या पाव शतकात फार वाढली आहे. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली'सारख्या संकेतस्थळापासून आजच्या समाजमाध्यमांपर्यंत आंतरजालावर मराठीतून जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग कथा-कवितांचा नाही. बाळंतपण, सासरचे पहिले वर्ष, परगावातील भाड्याची खोली, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा, बदलीची नोकरी, परदेशात जमवलेला चैत्रगौरीचा घाट असे रोजचे अनुभव आणि त्यांविषयीची मते या लेखनात येतात. ती सांगितली जातात पूर्वी कधी न पाहिलेल्या आणि बहुधा पुढेही न भेटणाऱ्या माणसांना.

या लेखनाविषयी विद्यापीठीय वर्तुळात दोन प्रकारची मते ऐकू येतात. हे वाङ्मय नसून निव्वळ गप्पा आहेत, हे एक मत. आणि ही साहित्याच्या लोकशाहीकरणाची पहाट आहे, हे दुसरे. दोन्ही मतांमुळे मूळ प्रश्न टळतो. ऐकणारा अनोळखी असल्यामुळे सांगण्यात काय फरक पडतो, आणि अशा सांगण्याला संशोधनाची सामग्री मानताना संशोधकाने कोठे थांबावे, हे ते प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याचे मिळत नाही.

२

अनोळखी वाचकाशी बोलणे मराठी गद्याला नवे नाही. किंबहुना अर्वाचीन मराठी गद्याची जडणघडणच या बोलण्यातून झाली आहे. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकातून जी १०८ पत्रे लिहिली, ती आज 'शतपत्रे' म्हणून ओळखली जातात. ती कोणा परिचिताला लिहिलेली नव्हती. सरकारी नोकरीत असलेल्या एका तरुणाने 'लोकहितवादी' या नावाआड राहून आपल्याच जातीच्या आचारविचारांवर टीका केली, ती पत्राच्या घाटातून. आणि पत्राचा घाट असल्यामुळेच तिच्यात प्रबंधाची जडता न येता संवादाची निकड आली. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता ही फुले यांच्या शाळेतील मुलगी. तिच्याही समोर असलेला वाचक तिला अपरिचितच होता. आपल्या समाजाची व्यथा तिने ज्यांना ऐकवली, त्यांतील अनेकांच्या उंबरठ्याच्या आत तिला प्रवेश नव्हता. छापील पानाने तो दिला.

विसाव्या शतकात या संबंधाला अधिक खाजगी वळण मिळाले. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात (१९२७–१९५३) वाचक आपल्या कामजीवनाविषयी, संततिनियमनाविषयी, विवाहातील अडचणींविषयी प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. घरातील वडीलधाऱ्यांना, मित्रांना, बहुधा डॉक्टरांनाही जे विचारता येत नसे, ते एका अपरिचित संपादकाला विचारता येई. या पत्रव्यवहाराची किंमतही मोजावी लागली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. निकाल कर्वे यांच्या विरुद्ध गेला. मराठीतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात हा खटला वारंवार उल्लेखिला जातो. परंतु त्याच्या मुळाशी सामान्य माणसांचे साधे, घाबरत विचारलेले प्रश्न होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. त्या प्रश्नांची भाषा, त्यांतील संकोचाची रूपे, आडवळणाचे शब्द यांचा स्वतंत्र भाषिक-वाङ्मयीन अभ्यास होण्याजोगा आहे.

१९३० साली निघालेल्या 'स्त्री' मासिकाचे कार्यही या दृष्टीने पाहावयास हवे. लिहिण्याची सवय नसलेल्या बायकांना आपला अनुभव लिहिण्याजोगा आहे, असा विश्वास या मासिकाने दिला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यापूर्वी ते 'स्त्री'मधून क्रमशः प्रसिद्ध झाले होते. अभ्यासक्रमात नेमलेले पुस्तक हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा आधीचा टप्पा दिसत नाही. त्यामुळे पुस्तक हीच आरंभीची अवस्था होती, असा त्याचा समज होतो.

उलट बाजूने ललित निबंधाचे उदाहरण घेता येईल. ना. सी. फडके यांनी आपल्या लघुनिबंधांना 'गुजगोष्टी' हे नाव दिले. गूज सांगायचे ते जिवलगाला. येथे तर वाचक अपरिचित. म्हणजे अपरिचिताला जिवलग मानण्याचा एक संकेत लेखकाने उभा केला आणि वाचकाने तो मान्य केला. हा संकेत पुढे इतका रूढ झाला, की त्यातील कृत्रिमता जाणवेनाशी झाली. 'समाजस्वास्थ्य'च्या वाचकाने मात्र असा संकेत पाळला नाही. तो अपरिचिताला अपरिचित मानूनच लिहीत होता, आणि म्हणूनच लिहू शकत होता. आजचे आंतरजालीय लेखन या दोन धारांपैकी दुसऱ्या धारेचे आहे. त्याला ललित निबंधाच्या कसोट्या लावल्या की ते पातळ वाटू लागते, त्याचे कारण येथे आहे.

३

अनोळखी माणसाजवळ मन मोकळे का होते, याची मानसशास्त्रीय कारणे सर्वत्र सारखी असतील. मराठी समाजात त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते नावाच्या रचनेत आहे. मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदांचे असते. आडनावावरून बहुधा जात कळते, आडनाव 'कर'युक्त असेल तर गावाचाही पत्ता लागतो, आणि मधले नाव पित्याचे किंवा पतीचे असते. विवाहित स्त्रीने सासूविषयीचा अनुभव पूर्ण नावानिशी लिहिला, तर त्या नावातच नवरा येतो, त्याचे कूळ येते, आणि ज्या सासूविषयी लिहिले तीही ओळखू येते. अशा लेखनाखालील सही एकट्या लेखिकेची राहत नाही. तिच्या नावात सारे घर गुंतलेले असते.

याचा अर्थ असा, की मराठी स्त्रीने किंवा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतील लेखकाने टोपणनाव घेणे ही पळवाट मानता येत नाही. त्या समाजरचनेत एकट्याचा म्हणून शब्द उच्चारण्याची ती एक अट आहे. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा बाळूताई खरे यांना, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांना, या अटीची जाणीव होती. सुशिक्षित, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातील घुसमट त्या कथांतून व्यक्त झाली आणि मोठे वादळ उठले. त्या वादळात लेखिका कोण, याचा शोध घेण्याची उत्सुकता कथांच्या आशयाविषयीच्या उत्सुकतेहून कमी नव्हती. हे आत्मपर लेखन नसून कथालेखन होते. तरीही नाव उघड करण्याचा हट्ट झाला. मग ज्या लेखनाला कथेचेही आवरण नाही, त्याच्या बाबतीत काय होईल, हे सांगावयास नको.

आडनाव झाकल्याने आणखी एक गोष्ट घडते. मराठीत संभाषण सुरू होताच समोरच्याचे आडनाव विचारण्याची आणि त्यावरून बोलण्याची पातळी ठरविण्याची जुनी सवय आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याला निदान काही काळ ही तपासणी चुकवता येते. त्याचे मत आधी वाचले जाते, त्याची जात मागाहून शोधली जाते. ती शोधली जात नाही, असा दावा कोणी करू नये. भाषेच्या लकबींवरून, खाद्यपदार्थांच्या नावांवरून, 'मला' व 'मले' यांतील फरकावरून वाचक अंदाज बांधतच असतात. परंतु हा मधला काळ, कितीही थोडा असला, तरी मोलाचा आहे.

टोपणनावाची दुसरी बाजू नाकारता येणार नाही. त्याच आडोशाने शिवीगाळ होते, स्त्रियांना धमकावले जाते, एकच इसम चार नावांनी स्वतःची पाठ थोपटून घेतो. यावर उपाय म्हणून सर्वांनी खऱ्या नावानेच लिहावे, अशी मागणी होते, आणि फेसबुकसारख्या माध्यमांनी व्यवहारातील नाव वापरण्याचा दंडक घातलेलाही आहे. खऱ्या नावाने शिवीगाळ थांबली, असा अनुभव मात्र नाही. जे घडले ते वेगळेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबईतील बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. ज्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ खाली अशा कारवाया होत, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. कलम गेले, पण खऱ्या नावाने मांडलेल्या साध्या मताची किंमत किती असू शकते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले होते.

४

असे असले, तरी 'प्रभाकर' किंवा 'समाजस्वास्थ्य' यांतील पत्र आणि आजचे लेखन एकच आहे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. चार भेद स्पष्ट आहेत.

पहिला भेद संपादकाचा. छापील नियतकालिकात टोपणनाव वाचकांसाठी असे. संपादकाला लेखकाचे नाव-पत्ता कळविण्याचा सर्वसाधारण परिपाठ होता. म्हणजे अनोळखी वाचक आणि लेखक यांच्यामध्ये एक ओळखीचा, जबाबदार माणूस उभा असे. काय छापू नये, हेही तो लेखकाच्या हितासाठी ठरवी. आज तो मध्यस्थ बहुतांशी नाहीसा झाला आहे.

दुसरा भेद प्रतिसादाचा. पूर्वी पत्राला उत्तर यावयास आठवडा किंवा महिना लागे. आता ते काही क्षणांत येते आणि मूळ लेखनाचा भाग बनते. लिहिणारी व्यक्ती प्रतिसाद वाचून खुलासा करते, भर घालते, सूर बदलते, कधी माघार घेते. त्यामुळे येथे संहिता म्हणजे केवळ आरंभीचे टिपण मानता येत नाही. ते आणि त्याखालील सारी बोलाचाली मिळून संहिता होते. प्रतिसाद वगळून केलेले विश्लेषण हे नाटकातील एका पात्राचेच संवाद वाचण्यासारखे आहे.

तिसरा भेद शोधण्याच्या सोयीचा. १९३५ सालच्या अंकातील एखादे पत्र शोधावयाचे तर ग्रंथालयात जावे लागते, धूळ झाडावी लागते. आजच्या लेखनातील एक वाक्य शोधयंत्रात टाकले, की मूळ लेख, त्या नावाचे इतर लेखन आणि कधी कधी त्या नावामागील व्यक्तीही क्षणात पुढे येते.

चौथा भेद नाव आणि मजकूर यांच्या ताटातुटीचा. कोणी आपल्या आईच्या आजारपणावर लिहिलेला मजकूर नाव गाळून व्हॉट्सॲपवर फिरू लागतो, त्याखाली 'लेखक अज्ञात' असे येते. मजकूर चुरचुरीत असेल तर तो पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर जमा होतो. टोपणनावाने लिहिणे हा लेखकाचा निर्णय असतो. नाव काढून टाकणे हा परक्याने केलेला अपहार आहे. दोहोंचा परिणाम 'अनामिकता' या एकाच शब्दाने सांगितला, तर विचाराचा घोटाळा होतो.

या भेदांमुळे एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. हे लेखन एकाच वेळी अतिशय टिकाऊ आणि अतिशय क्षणभंगुर आहे. लेखिकेला जे विसरावेसे वाटते ते कोठेतरी उतरवून ठेवलेले असते. आणि अभ्यासकाला जे जपावेसे वाटते ते एका रात्रीत नाहीसे होते. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. त्यांवरील मराठी गटांतील बोलणेही त्यांबरोबर गेले. युनिकोड रुळण्यापूर्वी रोमन लिपीत किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या फॉन्टांत लिहिलेला मराठी मजकूर तर, असला तरी, आज वाचता येईलच असे नाही.

५

येथून संशोधकाचा प्रश्न सुरू होतो. अलीकडे या सामग्रीवर लघुशोधनिबंध करण्याकडे विद्यार्थ्यांचा कल दिसतो, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु वाङ्मयाभ्यासाची रीत येथे अडचणीची ठरते. वाङ्मयाचा अभ्यासक अवतरणावर जगतो. मूळ शब्द जसाच्या तसा देणे आणि तो कोणाचा ते सांगणे, ही त्याची प्रामाणिकपणाची खूण आहे. समाजशास्त्रज्ञ माहिती देणाऱ्याचे नाव-गाव बदलून, त्याचे बोलणे सारांशाने देऊन त्याचे रक्षण करू शकतो. वाङ्मयाभ्यासकाने शब्द बदलला तर अभ्यासविषयच उरत नाही. आणि शब्द तसाच ठेवला, तर नाव गाळूनही उपयोग होत नाही, कारण ते वाक्यच वाचकाला मूळ व्यक्तीपर्यंत घेऊन जाते.

जे सर्वांना वाचता येते ते सार्वजनिकच, त्याला परवानगी कसली, असा युक्तिवाद केला जातो. कायद्याचा आधार त्यास काही अंशी मिळेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली वैयक्तिक माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार समीक्षा व संशोधनासाठी उचित प्रमाणात अवतरण घेता येते. परंतु कायदा जे करू देतो ते सारे करावे, असा विद्येच्या क्षेत्रात दंडक नाही. चारचौघांच्या कट्ट्यावर मोठ्याने बोललेले शब्द सार्वजनिकच असतात. ते सही-शिक्क्यानिशी बोलणाऱ्याच्या सासरी पोचविण्याचा अधिकार त्यामुळे कोणाला मिळत नाही. लेखिकेने अनोळखी वाचक निवडला होता. संशोधकाच्या अवतरणामुळे ती ओळखीच्यांच्या हाती पडत असेल, तर ज्या अटीवर तिने लिहिले ती अटच मोडली जाते.

याच स्वामित्वहक्क अधिनियमातील दुसरी तरतूद येथे लक्षणीय आहे. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयीन कृतीलाही प्रकाशनानंतर साठ वर्षांपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे टोपणनावाचा लेखक कायद्याच्या दृष्टीने लेखकच आहे. विद्यापीठीय अभ्यासाने त्याला निव्वळ 'माहितीचा स्रोत' मानून त्याचे टोपणनावही गाळणे, हे रक्षण वाटले, तरी अनेकदा श्रेय हिरावून घेणेच ठरते. ज्याने वीस वर्षे एका नावाने लिहून त्या नावाला पत मिळवून दिली, त्याला ते नाव हवे असू शकते.

म्हणून सरसकट नियम येथे चालणार नाही. परंतु काही मर्यादा विभागांनी स्वतःवर घालून घ्याव्यात, हे उचित होईल. लेखकाशी संपर्क शक्य असेल तेथे अवतरणापूर्वी संमती घ्यावी आणि नाव कसे द्यावे हेही त्यालाच विचारावे. संपर्क शक्य नसेल आणि मजकूर घरातील, शरीरातील किंवा जातीच्या जखमेविषयीचा असेल, तर शब्दशः अवतरण टाळून वर्णनावर भागवावे, मग विश्लेषण थोडे फिके पडले तरी चालेल. टोपणनावामागील व्यक्ती कोण, याचा शोध हा संशोधनाचा विषय कधीही होऊ नये. लेखकाने मागाहून काढून टाकलेला मजकूर जुन्या नोंदीतून उकरून वापरू नये. आंतरजाल-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ सालापासून अशा प्रकारची मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी प्रसिद्ध केली आहेत. मराठी विभागांनी आपल्या नावांच्या व जातींच्या वास्तवाला धरून स्वतःची तत्त्वे लिहून काढावीत. हे काम आयते होणारे नाही, कारण तीन पदांच्या नावाचा प्रश्न त्या तत्त्वांत आढळणार नाही.

६

या साऱ्या खटाटोपाच्या तोलाचे हे लेखन आहे काय, असा आक्षेप शिल्लक राहतो. पुष्कळसे लेखन तोलाचे नाही, हे मान्य करावे; छापील वाङ्मयातीलही पुष्कळसे नसते. परंतु वाङ्मयीन गुणवत्ता ही अभ्यासाची एकमेव कसोटी असती, तर बखरींचा, जात्यावरच्या ओव्यांचा, जुन्या पत्रव्यवहारांचा अभ्यास मराठीत उभाच राहिला नसता. पेशवेकालीन दफ्तरांतील घरगुती पत्रे आज गद्याच्या इतिहासात मौल्यवान मानली जातात. लिहिणाऱ्यांना आपण गद्याचा इतिहास घडवीत आहोत, याची कल्पना नव्हती. घरातील मराठी, स्वयंपाकघरातील मराठी, रुग्णालयाच्या ओसरीवर रात्र काढणाऱ्याची मराठी, बॉस्टन किंवा मेलबर्नमध्ये मुलांशी बोलताना अडखळणारी मराठी इतक्या विपुल प्रमाणात यापूर्वी कधी लिहिली गेली नव्हती. ती अभ्यासली न गेल्यास या पाव शतकातील मराठीचे चित्र कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे यांवरूनच रेखाटले जाईल, आणि ते अपुरे असेल.

तेव्हा विभागांसमोर दोन कामे एकदमच आहेत. ज्यांची संमती आहे त्यांचे लेखन, प्रतिसादांसह आणि त्यांनी निवडलेल्या नावासह, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जपून ठेवण्याची व्यवस्था करणे, हे एक. ज्यांनी संमती दिली नाही त्यांचे मौन मान्य करणे, हे दुसरे. दुसरे काम अधिक कठीण आहे, कारण त्यात संशोधकाला हाताशी असलेली सामग्री सोडून द्यावी लागते. पण 'समाजस्वास्थ्य'ला लिहिणाऱ्या वाचकाने प्रश्न विचारला तो आपले नाव बाहेर फुटणार नाही या विश्वासावर. त्याचे आजचे वारस तशाच विश्वासावर लिहीत आहेत. तो विश्वास प्रबंधाच्या तळटिपेत मोडला गेला, तर पुढच्या अभ्यासकाला अभ्यासण्यासाठी असे लेखन मिळेल, याची शाश्वती नाही.